वर्गणीच्या लेखसंग्रहांतील स्थिर दुवे : स्वरूप, निर्मिती आणि मर्यादा

संशोधनपर लेखनात संदर्भ देण्याचे मुख्य प्रयोजन असे की, लेखकाने ज्या आधारावर आपले विधान केले तो आधार वाचकाला स्वतः तपासून पाहता यावा. छापील ग्रंथांच्या काळात लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठांक एवढी माहिती दिली की हे प्रयोजन साधत असे. ग्रंथ कोणत्या कपाटात आहे हे सांगण्याचे काम ग्रंथालयाची तालिका करीत असे. आज संशोधन-नियतकालिकांचा फार मोठा भाग वर्गणी भरून मिळणाऱ्या संगणकीय लेखसंग्रहांतून वाचला जातो आणि संदर्भाबरोबर लेखाचा दुवा देण्याची रीत पडली आहे. परंतु ब्राउझरच्या पत्तापट्टीतून जसाच्या तसा उतरून घेतलेला दुवा पुष्कळदा काही तासांतच निरुपयोगी होतो. तो का निरुपयोगी होतो, टिकणारा दुवा कसा ओळखावा, कसा तयार करावा आणि त्याच्या स्थैर्यावर किती विसंबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. एक वाचनसूची

विवेचन अमूर्त होऊ नये म्हणून एक उदाहरण कल्पावे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे गाव हातमागासाठी, विशेषतः कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या वस्त्रांसाठी परिचित आहे. करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेली विदर्भातील टसर साडी प्रसिद्ध आहेच. या विणकामाच्या अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी आंधळगावी राहून मुलाखती व नोंदी गोळा करीत आहे. तिचे मार्गदर्शक नागपुरास असतात. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या आणि पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव दिल्या गेलेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे असे अंतर ठेवून चालणारे संशोधन या भागात नित्याचेच आहे. मार्गदर्शकांनी पाच लेखांची सूची दुव्यांसह भ्रमणध्वनीवर पाठविली. विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी दुवे उघडून पाहिले, तेव्हा पुढीलप्रमाणे अनुभव आला.

पहिल्या दुव्यावर 'आपले सत्र संपले आहे' अशी सूचना आली. दुसऱ्या दुव्यावर एका अनोळखी सर्व्हरने ओळखनाम व परवलीचा शब्द मागितला, आणि तिच्या महाविद्यालयाचे ओळखनाम तेथे चालले नाही. तिसरा दुवा प्रकाशकाच्या पृष्ठावर नेऊन लेखाची किंमत दाखवू लागला. चौथा दुवा लेखाच्या फाइलचा होता. तेथे 'प्रवेश नाकारला' एवढेच शब्द दिसले. पाचव्या दुव्यावर योग्य लेखाचे शीर्षक व पहिले पान दिसले, मात्र पूर्ण लेख उघडेना.

मार्गदर्शकांच्या संगणकावर मात्र हे पाचही दुवे सुरळीत उघडत होते. अडचणीचे मर्म येथेच आहे. दुवा देणारा बहुधा विद्यापीठाच्या आवारात आणि आधीच प्रवेश मिळविलेल्या स्थितीत असतो. त्यामुळे त्याला दोष दिसत नाही. दोष दिसतो तो दूर असणाऱ्याला. ज्याच्या हाताशी ग्रंथालयाची इमारत नाही, ज्याला दुव्याखेरीज दुसरा मार्ग नाही, त्याच्याच वाट्याला तुटलेला दुवा येतो. वरील पाच अनुभवांमागे पाच निरनिराळी कारणे आहेत आणि ती समजून घेतली असता या विषयाचा बहुतेक भाग उलगडतो.

२. ठिकाण आणि ओळख

दुव्याच्या अस्थैर्याचे मूळ कारण असे की, सामान्य संकेतस्थळीय पत्ता वस्तूचे ठिकाण सांगतो, वस्तूची ओळख सांगत नाही. प्रकाशकाने आपले संकेतस्थळ नव्याने रचले, नियतकालिक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेले, अथवा लेखसंग्रहाची सर्व्हर-व्यवस्था बदलली, की ठिकाण बदलते आणि जुना पत्ता निरर्थक होतो. लेख तोच असतो, पण त्याच्याकडे जाण्याची वाट नाहीशी होते.

हा भेद ग्रंथालयशास्त्राला नवा नाही. ग्रंथाचा दाखल क्रमांक आणि ग्रंथाचे कपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दालनांची फेरमांडणी झाली तरी दाखल क्रमांक बदलत नाही. शेतजमिनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'पिंपळाच्या पलीकडचे, अमक्याच्या बांधाला लागून असलेले शेत' हे वर्णन आज पुरेसे वाटले, तरी पिंपळ पडला किंवा शेजारच्या शेताचा मालक बदलला की ते निरुपयोगी होते. उलट गट क्रमांक जमिनीला चिकटलेला असतो; मालकी बदलली तर फेरफाराची नोंद होते, क्रमांक तोच राहतो. तथापि हा क्रमांक टिकतो तो आपोआप नव्हे. तलाठ्याचे दप्तर अद्ययावत ठेवले जाते म्हणून तो टिकतो. एकत्रीकरणात क्रमांक बदलले तेव्हाही जुन्या क्रमांकावरून नवा क्रमांक काढता यावा यासाठी तसा तक्ता जपावा लागला.

स्थिर दुव्याची कल्पना नेमकी अशीच आहे. लेखाला एक न बदलणारी ओळख द्यावयाची, त्या ओळखीपुढे लेखाचे सध्याचे ठिकाण एका नोंदवहीत लिहून ठेवावयाचे, आणि ठिकाण बदलले की नोंद दुरुस्त करावयाची. वाचक नेहमी ओळख वापरतो. नोंदवही त्याला त्या त्या वेळच्या ठिकाणी पोहोचविते. या रचनेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, दुव्यात लेखाची ओळख असली पाहिजे, वाचकाच्या त्या दिवशीच्या भेटीची नव्हे. दुसरा, स्थैर्य हा दुव्याच्या अक्षरांचा गुण नसून ती नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेने दिलेले वचन आहे.

३. लेखसंग्रहांचे स्वतःचे स्थिर दुवे

वर्गणीच्या लेखसंग्रहात शोध घेताना सर्व्हर प्रत्येक वाचकाच्या भेटीला एक तात्पुरता क्रमांक देतो. यास सत्र म्हणतात. शोधलेले शब्द, लावलेल्या गाळण्या, निकालांतील लेखाचे स्थान ही सर्व माहिती त्या सत्राशी जोडलेली असते आणि पुष्कळ लेखसंग्रहांत ती पत्तापट्टीतील लांबलचक पत्त्यातही उतरते. वाचक निघून गेला, किंवा काही काळ निष्क्रिय राहिला, की सत्र संपते. सूचीतील पहिला दुवा असा सत्राचा दुवा होता. चौथा दुवा त्याच जातीचा, परंतु थोडा निराळा होता. अनेक लेखसंग्रह पीडीएफ फाइल देताना अल्पमुदतीची परवानगी जोडलेला पत्ता तयार करतात. मुदत संपताच तो पत्ता बंद होतो. यास्तव फाइलच्या पत्त्याऐवजी लेखाच्या नोंदपृष्ठाचा दुवा देणे केव्हाही श्रेयस्कर होय.

या अडचणीची जाणीव असल्यामुळे बहुतेक मोठ्या लेखसंग्रहांनी प्रत्येक लेखाच्या नोंदीवरच स्थिर दुवा देण्याची सोय केली आहे. तिची नावे मात्र वेगवेगळी आहेत : कोठे 'पर्मालिंक', कोठे 'स्टेबल यूआरएल', कोठे 'डॉक्युमेंट यूआरएल', तर कोठे नुसते 'शेअर' किंवा 'साइट' या कळीखाली तो दडलेला असतो. १९९५ साली आरंभ झालेल्या जेस्टॉरमध्ये 'स्टेबल' या शब्दापुढे लेखाचा क्रमांक येतो. एब्स्कोच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या दुव्यांत लेखसंग्रहाचे संक्षिप्त नाव आणि त्या संग्रहातील लेखाचा दाखल क्रमांक असे दोन घटक असत. म्हणजे ग्रंथालयाचीच जुनी पद्धत तेथे नव्या रूपात आली होती. प्रोक्वेस्टच्या दुव्यात लेखाच्या क्रमांकापुढे वर्गणीदार संस्थेचा खातेक्रमांकही येऊ शकतो. असा खातेक्रमांक दुसऱ्या संस्थेच्या वाचकाला उपयोगी नसतो. म्हणून अनेक संस्थांतील वाचकांसाठी सूची करताना तो वगळणे योग्य ठरते.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. काही लेखसंग्रह एखाद्या शोधाचाही स्थिर दुवा देतात. तो दुवा टिकतो, परंतु त्यातून मिळणारे निकाल टिकत नाहीत. संग्रहात नवे लेख येतात, जुने निघून जातात, क्रम बदलतो. शिवाय आंधळगावासारखी ग्रामनामे व 'कोष्टी' यांसारखी समाजनामे रोमन लिपीत एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिली जात असल्यामुळे एका वर्णलेखनाने केलेला शोध दुसऱ्या वर्णलेखनातील लेख गाठीलच असे नाही. शोधाचा दुवा हे अभ्यासाचे साधन आहे. पुराव्याचा संदर्भ म्हणून त्याचा उपयोग करू नये.

४. डीओआय

लेखसंग्रहाचा स्थिर दुवा त्या संग्रहापुरता स्थिर असतो. ग्रंथालयाने उद्या तो संग्रह सोडून दुसरा घेतला, तर दुवा शाबूत राहूनही वाचकाच्या उपयोगाचा राहत नाही. या दृष्टीने कोणत्याही एका संग्रहाशी न बांधलेली ओळख अधिक मोलाची होय. डीओआय ही अशी ओळख आहे. तिच्या व्यवस्थेसाठी आंतरराष्ट्रीय डीओआय प्रतिष्ठान स्थापन झाले; विद्वत्प्रकाशनांच्या डीओआयची नोंदणी करणारी क्रॉसरेफ ही संस्था २००० साली अस्तित्वात आली; आणि २०१२ साली या पद्धतीस आयएसओ २६३२४ या आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप मिळाले. तिच्या मुळाशी हँडल नावाची नामव्यवस्था असून तिची उभारणी रॉबर्ट कान यांच्या संस्थेत झाली.

डीओआयचे दोन भाग असतात. '१०' व टिंब यांनी सुरू होणारा उपसर्ग नोंदणी करणाऱ्या प्रकाशकाला मिळतो. तिरप्या रेषेनंतरचा प्रत्यय प्रकाशक ठरवितो. या क्रमांकापूर्वी 'एचटीटीपीएस' सह 'डीओआय डॉट ओआरजी' हा पत्ता जोडला की दुवा तयार होतो. पूर्वी या पत्त्याच्या आरंभी 'डीएक्स' ही अक्षरे लिहीत. क्रॉसरेफच्या २०१७ पासूनच्या सूचनेनुसार ती लिहावयाची नाहीत, परंतु तसे जुने दुवेही चालतात. जुन्या नोंदणीतील काही डीओआयांत कोनाकृती कंस व अर्धविराम यांसारखी चिन्हे आहेत. दुव्यात ती सांकेतिक रूपात लिहावी लागतात, अन्यथा दुवा मध्येच तुटतो. एखाद्या लेखाचा डीओआय नोंदीत दिसला नाही, तर क्रॉसरेफच्या शोधपृष्ठावर शीर्षक व लेखकनाम देऊन तो पाहता येतो.

भारतीय अभ्यासकांना हँडल पद्धतीचा परिचय दुसऱ्या वाटेनेही झालेला आहे. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या प्रबंधसंग्रहात प्रत्येक प्रबंधाला हँडल क्रमांक मिळतो आणि त्याचा उपसर्ग १०६०३ हा असतो. शोधगंगेवरील प्रबंधाचा संदर्भ देताना पत्तापट्टीतील पत्ता न देता नोंदपृष्ठावर दिलेला हा हँडल दुवाच द्यावा.

मग सूचीतील तिसरा दुवा, जो डीओआयचाच होता, तो का फसला? वस्तुतः तो फसला नाही. त्याने लेखाच्या प्रकाशकाकडे बिनचूक नेले. परंतु ग्रंथालयाने तो लेख प्रकाशकाकडून न घेता दुसऱ्या एका संग्रहातून घेतलेला होता. प्रकाशकाच्या दारात वाचक अनोळखी ठरला आणि किंमत पुढे आली. ग्रंथालयशास्त्रात यास 'योग्य प्रतीचा प्रश्न' असे म्हणतात. एकाच लेखाच्या अनेक प्रती जगात असताना या विशिष्ट वाचकाला कोणत्या प्रतीचा हक्क आहे, हे डीओआयला ठाऊक नसते. या प्रश्नावर उपाय म्हणून हर्बर्ट व्हान डे सोम्पेल यांनी बेल्जियममधील गेंट विद्यापीठात दुवा-निर्णायकाची कल्पना विकसित केली. तीतून आलेली ओपनयूआरएल पद्धती पुढे अमेरिकेत राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. या पद्धतीत दुव्यामध्ये नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, पृष्ठ इत्यादी तपशील असतो आणि वाचकाच्या ग्रंथालयाचा सर्व्हर तो वाचून आपल्या वर्गणीतील योग्य प्रतीकडे पाठवितो. जेथे ग्रंथालयाने ही व्यवस्था उभारली आहे तेथे ती उपयुक्त ठरते. जेथे नाही तेथे सूची करणाऱ्याने डीओआयबरोबर संग्रहाचा स्थिर दुवाही देणे आवश्यक होते.

५. प्रवेशाचा प्रश्न

आतापर्यंतचा विचार 'लेख कोणता' या प्रश्नाचा झाला. वर्गणीच्या लेखसंग्रहांत दुसराही एक प्रश्न असतो : 'वाचक कोण'. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर गोंधळ होतो. पाचव्या दुव्याने लेख बरोबर दाखविला. केवळ वाचकाची ओळख पटली नाही, एवढीच तेथील उणीव होती.

विद्यापीठाच्या आवारात वाचकाची ओळख बहुधा जाळ्याच्या आयपी पत्त्यावरून आपोआप पटते. आवाराबाहेर ती तीन मार्गांनी पटविता येते. पहिला मार्ग प्रॉक्सी सर्व्हरचा. १९९९ साली तयार झालेली आणि २००८ पासून ओसीएलसीकडे आलेली ईझीप्रॉक्सी ही या प्रकारातील सर्वपरिचित प्रणाली होय. तिच्यात स्थिर दुव्याच्या आधी ग्रंथालयाने दिलेला एक ठरावीक उपसर्ग जोडतात. वाचकाने दुवा उघडला की ग्रंथालयाचा सर्व्हर प्रथम ओळख विचारतो आणि मग वाचकाच्या वतीने प्रकाशकाकडे लेख मागतो; प्रकाशकाला विनंती आवारातूनच आल्यासारखी दिसते. मात्र प्रॉक्सीतून वाचीत असताना पत्तापट्टीत जो पत्ता दिसतो, त्यात प्रकाशकाच्या नावातील टिंबांच्या जागी पुष्कळदा आडव्या रेघा येऊन पुढे ग्रंथालयाच्या सर्व्हरचे नाव जोडलेले असते. हा पत्ता उतरून घेण्याजोगा नसतो. सूचीतील दुसरा दुवा असा होता, आणि तोही विद्यार्थिनीच्या महाविद्यालयाचा नसून दुसऱ्या संस्थेच्या प्रॉक्सीचा होता.

दुसरा मार्ग संघीय प्रवेशाचा. यात वाचक प्रकाशकाच्या पृष्ठावर 'संस्थेमार्फत प्रवेश' हा पर्याय घेऊन आपली संस्था निवडतो आणि आपल्याच संस्थेच्या ओळखनामाने आत जातो. भारतात इन्फ्लिबनेटने चालविलेला इन्फेड हा संघ या तत्त्वावर काम करतो. या पद्धतीत दुव्याला उपसर्गाची गरज नसते. नुसता डीओआय किंवा स्थिर दुवा पुरतो. काही प्रकाशकांकडे संस्थेची निवड आधीच नोंदविलेला दुवाही तयार करता येतो, पण तो फक्त त्या एका संस्थेच्या वाचकांना द्यावा. तिसरा मार्ग लेखसंग्रहाने प्रत्येक वाचकाला स्वतंत्र ओळखनाम देण्याचा. १९९१ साली आरंभ झालेल्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० साली महाविद्यालयांसाठी सुरू केलेल्या एन-लिस्ट योजनेत अशी वैयक्तिक ओळखनामे देण्याची रीत होती.

या संदर्भात अलीकडील एक मोठा बदल लक्षात घेणे अगत्याचे आहे. विद्यापीठांसाठीचा यूजीसी-इन्फोनेट संघ, एन-लिस्ट आणि तंत्रशिक्षण संस्थांसाठीचा इंडेस्ट संघ यांचे एकत्रीकरण होऊन २०१५ साली ई-शोधसिंधू ही व्यवस्था झाली. त्यानंतर २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस मान्यता दिली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा व्याप जाहीर झाला. दुव्यांच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ असा की, जे लेख पूर्वी एखाद्या मध्यस्थ संग्रहातून वाचले जात होते ते आता अनेक संस्थांना प्रकाशकाच्या स्वतःच्या स्थळावर उपलब्ध झाले. अशा ठिकाणी डीओआय हाच सर्वांत सोयीचा दुवा ठरतो. उलट जुन्या वाचनसूच्यांतील संग्रहनिष्ठ दुवे या निमित्ताने पुन्हा तपासावे लागतात. योजनेत नसलेल्या संस्थांतील विद्यार्थ्यांची अडचण अर्थातच केवळ दुव्याने सुटत नाही.

६. सूचीची दुरुस्ती

वरील विवेचनावरून सूची तयार करण्याची रीत सहज निश्चित होते. प्रथम लेखाच्या नोंदपृष्ठावर डीओआय आहे काय ते पाहावे. असल्यास तो पूर्ण दुव्याच्या रूपात लिहावा. ग्रंथालयाची वर्गणी प्रकाशकाकडे नसून अन्य संग्रहाकडे असेल, तर त्या संग्रहाने दिलेला स्थिर दुवा सोबत लिहावा. तो नोंदीतील कळीवरूनच घ्यावा, पत्तापट्टीतून घेऊ नये. वाचक प्रॉक्सीचा उपयोग करणारे असतील, तर स्थिर दुव्यास त्यांच्याच ग्रंथालयाचा उपसर्ग जोडावा. प्रबंधाच्या किंवा प्रकाशित लेखाच्या संदर्भसूचीत मात्र उपसर्ग कदापि जोडू नये, कारण तेथील वाचक कोणत्याही संस्थेचा असू शकतो. अशा रीतीने वर्गातील वाचनसूची व प्रबंधाची संदर्भसूची यांची गरज भिन्न आहे. पहिलीत ओळख आणि प्रवेश दोन्ही असावेत, दुसरीत केवळ ओळख असावी.

दुवा लहान दिसावा म्हणून लघुदुव्यांच्या व्यापारी सेवा वापरण्याचा मोह टाळावा. त्या सेवा मध्ये आणखी एक नोंदवही आणतात, आणि ती किती काळ चालेल याची शाश्वती नसते. गूगलची अशी सेवा २०१९ साली नव्या दुव्यांसाठी बंद झाली, हे उदाहरण पुरेसे आहे. लेखाची फाइल उतरवून गटात वाटणे हाही पर्याय सोयीचा वाटतो. परंतु वर्गणीच्या करारात त्यास बहुधा मर्यादा असते. शिवाय असे वाचन ग्रंथालयाच्या उपयोग-आकडेवारीत येत नाही. वर्गणी चालू ठेवावी की नाही याचा निर्णय घेताना ही आकडेवारी पाहिली जाते. म्हणजे ज्या नियतकालिकाची खरोखर गरज आहे तेच न वाचलेले म्हणून वगळले जाण्याचा धोका उत्पन्न होतो.

शेवटची पायरी परीक्षणाची, आणि नेमकी तीच बहुधा गाळली जाते. दुवा तयार झाल्यावर तो आवाराबाहेरून, कोठेही प्रवेश न केलेल्या ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, शक्य तर भ्रमणध्वनीवर आणि एक दिवस लोटल्यानंतर उघडून पाहावा. दूरच्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी अशीच असते. हे परीक्षण झाले असते तर आंधळगावी पोहोचलेल्या सूचीतील पाचही दुव्यांचे दोष नागपुरातच उघड झाले असते. पहिल्या व चौथ्या दुव्याच्या जागी नोंदपृष्ठाचा स्थिर दुवा, दुसऱ्याच्या जागी परकी प्रॉक्सी काढून टाकलेला मूळ दुवा, तिसऱ्याबरोबर संग्रहातील प्रतीचा दुवा आणि पाचव्याबरोबर प्रवेशाची सूचना, एवढ्या दुरुस्तीने सूची उपयोगी झाली असती.

७. स्थैर्याच्या मर्यादा

स्थिर दुवा ही अनावश्यक काळजी नव्हे, हे काही पाहण्यांवरून दिसून आले आहे. हार्वर्ड विधी विद्यालयाच्या अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत उद्धृत केलेल्या संकेतस्थळीय दुव्यांपैकी सुमारे निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर मिळत नव्हता. त्याच वर्षी मार्टिन क्लाइन व सहकाऱ्यांनी विज्ञान, तंत्रशास्त्र व वैद्यक या क्षेत्रांतील लेखांची पाहणी केली. तीत पाचांपैकी एका लेखात अशा प्रकारची संदर्भहानी आढळली. या पाहण्या प्रामुख्याने सामान्य संकेतस्थळांच्या दुव्यांच्या होत्या. परंतु ओळखीऐवजी ठिकाणावर विसंबल्याचा परिणाम त्यांतून स्पष्ट होतो.

तथापि स्थिर दुव्यांनाही मर्यादा आहेत. स्थैर्य हे वचन असल्यामुळे ते देणाऱ्या संस्थेच्या आयुष्याशी बांधलेले असते. ओसीएलसीने १९९५ साली सुरू केलेली पर्ल ही चिरस्थायी पत्त्यांची सेवा २०१६ साली इंटरनेट आर्काइव्हकडे सोपविण्यात आली; हस्तांतर झाले म्हणून ती वाचली. प्रकाशकाने फेरफाराची नोंद केली नाही तर डीओआयसुद्धा चुकीच्या ठिकाणी नेतो. वर्गणी संपली तर दुवा लेख ओळखतो, पण दार उघडत नाही. प्रकाशनसंस्थाच बंद पडली तर लेख नाहीसा होऊ नये यासाठी लॉक्स, पोर्टिको यांसारख्या जतनव्यवस्था आहेत. त्यांचे संरक्षण मात्र त्यांत सामील झालेल्या नियतकालिकांनाच मिळते.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. विदर्भाच्या समाजजीवनावरील पुष्कळ साधनांना डीओआय नाही आणि ती वर्गणीच्या कोणत्याही संग्रहात नाहीत. १९०८ सालचे भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर, रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ चा ग्रंथ, मराठी संशोधन-मंडळांची वार्षिके, जिल्ह्यांतून निघालेल्या स्मरणिका यांना आधार आहे तो पूर्ण ग्रंथसूचीय नोंदीचाच. म्हणून दुवा कितीही स्थिर असला तरी लेखकाचे नाव, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, वर्ष व पृष्ठे ही माहिती गाळू नये. दुवा तुटला तर तिच्या आधारे लेख पुन्हा शोधता येतो. माहितीच नसेल तर तुटलेल्या दुव्यापासून मागे जाण्याचा मार्ग उरत नाही. जी नियतकालिके आज मराठीत निघतात त्यांच्या संपादकांनी आपल्या लेखांना डीओआय किंवा हँडल मिळवून देण्याचा विचार करणे, हेही या प्रश्नाचे एक अंग होय.

रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत वाचकाचा वेळ वाचविण्यास स्वतंत्र स्थान आहे. स्थिर दुवा तयार करण्यास सूची करणाऱ्याची दोन-तीन मिनिटे अधिक जातात. तो न केल्यास तेवढा किंवा त्याहून अधिक वेळ प्रत्येक वाचकाला खर्चावा लागतो, आणि दूरच्या वाचकाच्या बाबतीत तर पुष्कळदा वाचनच होत नाही. आंधळगावच्या मागावर विणलेल्या वस्त्राविषयी प्रबंधात जे विधान केले जाईल, त्याचा आधार त्या गावातील शिकलेल्या तरुणालाही आपल्या घरी बसून पाहता आला, तरच संदर्भ देण्याचे प्रयोजन पूर्ण झाले असे म्हणता येईल.